येत्या रविवारी निघायची जीप

'सदर वाहन येत्या रविवारी सकाळी सात वाजता पठारावर जाण्यासाठी खरेदी करण्यात आले आहे,' असं भूगोलाच्या सरांनी इमारतीच्या नोंदवहीत स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि सहीखाली तारीख घातली. रविवार नेमका कुठला, हे लिहायला नोंदवहीत रकाना नव्हता.

सर शाळेत एकोणतीस वर्षं भूगोल शिकवत होते. फळ्यावर समोच्च रेषा काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. डोळे मिटून, बोलता बोलता, ते नऊशे मीटर उंचीचं पठार काढत आणि त्याच्या कडेने एक ओढाही सोडत. प्रत्यक्ष पठारावर चढण्याचा प्रसंग मात्र त्यांच्यावर आला नव्हता. शाळा तीन मजली होती आणि भूगोलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरे. त्यापलीकडची उंची ही त्यांच्या दृष्टीने अभ्यासक्रमाबाहेरची बाब होती.

त्यांची बायको इस्पितळात नर्स होती. अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणे. तिची थोरली बहीण, अक्का, पठारावर मधमाश्या पाळून एकटी राहत होती. डांबरी रस्ता पायथ्याशी संपे. पुढे अकरा किलोमीटर दगडमाती आणि मध्ये एक ओढा. भाड्याची गाडी तिकडे यायला तयार नसे आणि अक्काचा गुडघा खाली यायला. तीन वर्षं दोघी बहिणी फक्त फोनवर भेटत होत्या. अक्काचा फोन रोज संध्याकाळी येई. माश्यांचं, हवेचं, गुडघ्याचं सगळं सांगून झालं की शेवटी ती विचारी, "बरं, कधी येताय?"

त्या एका प्रश्नापायी जीप घेतली गेली. चौदा वर्षांची, शेवाळी रंगाची, कापडी छपराची. आधीचा मालक जमिनीची मोजणी करणारा होता आणि त्याने तिला नको नको तिथे नेलं होतं.

"जीप चांगली आहे," मिस्त्री तिच्या खालून बाहेर येत म्हणाला. गल्लीच्या टोकाला त्याचं गॅरेज होतं. कमी बोलणं आणि ते बोलतानाही हात पुसत राहणं ही त्याची पद्धत. "मागचे दोन टायर बदला. ब्रेक ऑइल घाला. जॅक आणि पान्हे सोबत ठेवा. सीट कडक वाटली तर एक उशी टाका. आणि निघा."

"एवढंच?" सरांनी विचारलं.

"एवढंच."

सरांचा चेहरा पडला. दहा गुणांच्या प्रश्नाला कोणी एका ओळीत उत्तर लिहिलं, तर ते उत्तर बरोबर असलं तरी सर त्याला दोनच गुण देत. मिस्त्रीला त्यांनी मनातल्या मनात दोन गुण दिले, आणि घरी येऊन मेव्हण्याला फोन लावला.

मेव्हणा म्हणजे सिस्टरचा धाकटा भाऊ. तो मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत असे. हा काही त्याचा व्यवसाय नव्हता, पण माणूस व्यवसायाला जितका वेळ देतो तितका तो त्याला देई. त्याच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. सायकलही नव्हती. त्यामुळे त्याचं मत पूर्णपणे निःपक्षपाती असे.

त्याने जीपभोवती तीन फेऱ्या मारल्या, टायरला एक लाथ घातली आणि खालचा ओठ पुढे काढला.

"भावोजी, तुम्ही बिगिनर आहात."

"हो ना."

"मग बिगिनरची पहिली चूक माहीत आहे? तो निघतो."

सरांनी हे वहीत लिहून घेतलं.

"आधी आराम, मग तयारी, मग प्रवास," मेव्हणा म्हणाला. "पाठ दुखत असताना डोंगर दिसत नाही. आपण सीटपासून सुरुवात करू."

सीट आली. कमरेला आधार, मानेला आधार, आणि मांड्यांखाली एक जास्तीचा उंचवटा, ज्याला मेव्हणा आदराने 'सपोर्ट' म्हणत असे. सीट इतकी भरदार होती की तिच्यावर बसल्यावर सरांचं डोकं छपराला लागू लागलं. म्हणून कापडी छप्पर काढून उंच, टणक छप्पर बसवण्यात आलं. टणक छपरात आवाज घुमू लागला, म्हणून आतून जाड नमद्याचं अस्तर लावलं. अस्तरामुळे आत उकडायला लागलं, म्हणून दोन पंखे. दोन पंख्यांनी बॅटरी बसली, म्हणून दुसरी बॅटरी. ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून मागची सीट काढली. मागे सीटच नाही तर माणसं बसणार कुठे, म्हणून तिथे गादी टाकली, आणि गादीखाली जागा वाया जाते म्हणून सहा खणांचं कपाट केलं. या सगळ्याच्या वजनाने जीप मागून बसली, तेव्हा स्प्रिंगचे कडक पाटे घालावे लागले. कडक पाट्यांनी जीप धक्के देऊ लागली. इतके धक्के खायचे म्हणजे सध्याची सीट पुरेशी नाही, असा निष्कर्ष निघाला आणि आणखी भरदार सीट मागवण्यात आली.

"छपराचं काय?" सिस्टरने विचारलं.

"छप्पर वाढवता येतं," सर म्हणाले.

यात पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी सिस्टर सकाळी साडेसहाला पिशवी भरून, केस बांधून खाली उतरली. पिशवीत अक्काच्या गुडघ्यासाठी पट्टा होता, मलम होतं, अक्काने तीनदा सांगितलेली जाड सुई होती. जीपजवळ सर आणि मेव्हणा एका लांब नळीकडे बघत उभे होते. नळी इंजिनपासून निघून छपरापर्यंत वर गेली होती.

"ही सोंड कशाला?"

"स्नॉर्कल आहे ते, ताई," मेव्हणा म्हणाला. "छातीइतक्या पाण्यातून जाताना इंजिनला श्वास घेता येतो."

"ओढ्याला घोट्याइतकं पाणी असतं."

"आज असतं," मेव्हणा गंभीरपणे म्हणाला. "बिगिनरची दुसरी चूक हीच. तो आजचं पाणी बघतो."

सिस्टर पिशवी घेऊन वर गेली. दार तिने नेहमीसारखंच लावलं, पण आवाज जरा मोठा झाला.

तयारीचा टप्पा सुरू झाला होता. पुढे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच बसली. चिखलातून निघायच्या दोन फळ्या बाजूला लटकल्या. फावडं, कुऱ्हाड, शिडी आणि मोठा जॅक छपरावर चढले. मागे साठ लिटरची पाण्याची टाकी, तिला नळ, नळाखाली बेसिन. बाजूला गुंडाळता येणारी ताडपत्रीची पडवी. पडवीखाली बसायला चार खुर्च्या. विंच चालते का हे पाहण्यासाठी जीप कशात तरी रुतणं आवश्यक होतं. पण इमारतीच्या आवारात फरशी होती आणि फरशीत जीप रुतेना. शेवटी विंचचा दोर फाटकाच्या खांबाला बांधून चाचणी घेण्यात आली. विंच उत्तम चालली. फाटक दुसऱ्या दिवशी वेल्डिंगला गेलं.

मग मेव्हण्याने एक व्हिडिओ पाहिला. त्यात असं होतं की इतकं वजन घेऊन गाडी उभी राहिली तर नवे टायर एका बाजूने दबतात आणि पाटे थकतात. तेव्हा प्रवासाच्या दिवसापर्यंत त्यांना विश्रांती द्यावी. त्याच दिवशी सिमेंटचे चार ठोकळे आले आणि जीप त्यांच्यावर चढवण्यात आली. चारही चाकं जमिनीपासून अठरा इंच वर, मोकळ्या हवेत, विश्रांती घेऊ लागली.

जीप कुठेही गेली नव्हती, पण इमारतीत तिच्यासारखी आरामशीर जागा दुसरी नव्हती, हे लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. तिथे डोअरबेल नव्हती. वरच्या मजल्यावरून कोणी फर्निचर ओढत नसे. सिस्टर ड्युटी संपवून आली की दुपारी तिथल्या गादीवर तास-दोन तास झोपू लागली. प्रवासासाठी नाही तर नाही, निदान झोपेला तरी जीप उपयोगी पडते, असा तिने विचार केला. तळमजल्यावरच्या आजोबांना पडवी आवडली. इमारतीचे सेक्रेटरी सकाळी पुढच्या सीटवर बसून पेपर वाचू लागले. कंबर, मान आणि मांड्या यांना एकाच वेळी आधार मिळून पेपर वाचायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात प्रथमच आली होती. हळूहळू ते पेपर संपल्यावर कोडं सोडवू लागले, कोडं सुटल्यावर डुलकी काढू लागले, आणि एके दिवशी सिस्टरने काच वाजवून त्यांना "काका, माझी झोपायची वेळ झाली" असं सांगितलं तेव्हा ते दुखावले.

चौथ्या दिवशी पालिकेकडे निनावी तक्रार गेली. 'आवारातील अनधिकृत बांधकामाची दखल घेऊन उपकृत करावे, ही नम्र विनंती.' इमारतीच्या सूचनाफलकावर पाणी बंद असल्याची सूचनादेखील 'उपकृत करावे' अशीच संपत असे, पण निनावी पत्र ते निनावीच.

बांधकाम निरीक्षक टेप घेऊन आले. बारीक अंगाचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी चपला पडवीबाहेर काढल्या, हे पाहून सरांना आधी बरं वाटलं.

"किती खोल्या?" त्यांनी विचारलं.

"ही जीप आहे," सर म्हणाले.

"ते तुमचं म्हणणं झालं. मालकाच्या म्हणण्यासाठी वेगळा रकाना आहे, त्यात घेतो." त्यांनी घेतलं. "छप्पर पक्कं. आतून अस्तर. पाणी आहे, वीज आहे, झोपण्याची सोय आहे. पुढे पडवी. चार खांबांवर उभं."

"अहो, खांब नाहीत, ठोकळे आहेत! आणि ही बघा चाकं!"

निरीक्षकांनी वाकून पाहिलं, चाकाखालून हात फिरवला. "चाकं आहेत. नाही कोण म्हणतं? पण टेकत नाहीत. न टेकणारं चाक आम्ही शोभेच्या वस्तूत धरतो. काही लोक भिंतीवर लावतात."

"आणि इंजिन?"

"पंपघर लिहितो."

"नंबर प्लेट आहे!"

"घराला नंबर असतोच की, सर."

सरांना घाम फुटला. दोन्ही पंखे चालू होते तरी फुटला. "बरं, मग मी हे ठोकळे आत्ता काढतो."

"थांबा, थांबा!" निरीक्षक पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "भार पेलणारा भाग काढणं म्हणजे पाडकाम. विनापरवाना पाडकाम हा वेगळा गुन्हा. एक आहे तेवढा पुरे नाही का?"

"आणि न पाडता, नुसती खाली उतरवून चालवत नेली तर?"

"बांधकाम रस्त्यावर आणणं म्हणजे अतिक्रमण," निरीक्षक हळहळत म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. तसा रकाना नसल्याने त्यांनी ते कुठे लिहिलं नाही.

पाडकामाची परवानगी पालिकेच्या पहिल्या मजल्यावर, सहा नंबरच्या खिडकीवर मिळे. खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटून पालटून पाहिला.

"मूळ बांधकाम परवानगीची प्रत कुठे आहे?"

"ती नाहीये. म्हणून तर ते अनधिकृत आहे."

"मग अनधिकृत गोष्ट आम्ही अधिकृतपणे पाडायची परवानगी कशी देणार? आधी ती नियमित करून घ्या. नियमित झाली की खुशाल पाडा."

सरांना हे पटलं. एकोणतीस वर्षं शिक्षण खात्यात काढलेल्या माणसाला पटावं, असंच ते होतं. खोली नियमित करण्यासाठी त्यांनी स्वतः नकाशा काढला. फार सुंदर नकाशा होता तो. उत्तर दिशेचा बाण होता, प्रमाण होतं, उंचीची समोच्च रेषाही होती, अठरा इंचांची. खिडकीतल्या बाईंनी तो शेजारच्या टेबलावरच्यांनाही दाखवला. मग म्हणाल्या, "सगळं छान आहे, पण यात पार्किंग नाही."

"कशाचं पार्किंग?"

"प्रत्येक निवासी खोलीमागे एका वाहनाची जागा दाखवावी लागते. तुमच्या खोलीची जागा कुठे आहे?"

"खोली पार्किंगच्याच जागेत आहे."

"अरे देवा!" बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही पार्किंगसुद्धा अडवलंय?"

त्या संध्याकाळी घरी बैठक बसली. मेव्हणा आला होता. सिस्टर चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होती.

"सोपं आहे, भावोजी," मेव्हणा म्हणाला. "त्यांना खोलीसाठी एक वाहन दाखवायचंय ना? मग एक वाहन घ्या. माझ्या पाहण्यात एक जुनी जीप आहे. इंजिन ठणठणीत. थोडं सीटचं काम आहे, बस."

सरांच्या डोळ्यांत चमक आली. ही चमक सिस्टरने काचेत पाहिली. कप तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आत गेली, आणि सहाव्या रविवारपासून भरून ठेवलेली पिशवी पलंगाखालून ओढून काढली. पट्टा, मलम आणि सुई जागच्या जागी होते.

रविवारी सकाळी ती मिस्त्रीच्या गॅरेजवर जाऊन उभी राहिली. तो आपल्या खटारा पिकअपमध्ये पाइपचे तुकडे भरत होता. त्याची बायको पुढे बसली होती.

"ही गाडी पठारावर जाईल का हो?"

"दर रविवारी जाते, सिस्टर. वरच्या वस्तीच्या पाण्याच्या पंपाचं काम माझ्याकडेच आहे."

"दर रविवारी?" सिस्टरने पिशवी खाली ठेवली. "मग इतके दिवस सांगितलं का नाही तुम्ही?"

मिस्त्रीने हात पुसले. "सरांनी कधी विचारलंच नाही. ते आले की पाट्यांबद्दल विचारायचे."

"सरका," मिस्त्रीची बायको नवऱ्याला म्हणाली, आणि सिस्टरसाठी जागा केली.

दुपारी सरांचा फोन वाजला तेव्हा ते जीपमध्ये बसून खोलीच्या वायुवीजनाचा तक्ता भरत होते. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"पोचले," सिस्टर म्हणाली. धापा टाकत होती, पण हसतही होती. "अडीच तास लागले."

"रस्ता कसा होता?"

"दगड आहेत. दगडांवरून जायचं."

"आणि ओढा?"

"चप्पलसुद्धा धड भिजली नाही. एकदा अडकलो, तर आम्ही दोघींनी उतरून ढकलली."

"पाटे कुठले आहेत त्याचे? कडक की..."

"अहो, पाटे राहू देत. अक्का बोलतेय."

अक्काने फोन घेतला. तिचा आवाज नेहमीपेक्षा जवळून आल्यासारखा वाटला. "मास्तर, ही माझ्यासमोर बसलीय. तीन वर्षांनी. केस पांढरे झालेत हो हिचे, तुम्ही सांगितलं नाहीत." दोघी बहिणी रडत होत्या की हसत होत्या, हे वाऱ्यामुळे सरांना कळलं नाही. "तुम्हीही या," अक्का म्हणाली. "तुम्ही फळ्यावर काढता ना, तसंच आहे सगळं. फक्त इथे वास येतो. गवताचा."

फोन ठेवल्यावर सरांनी वायुवीजनाचा तक्ता मिटला. फळ्यावर गवताचा वास कधी दाखवता आला नाही, ही गोष्ट त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा टोचली. सिस्टरने दोन आठवड्यांची रजा टाकली होती. सर उठले, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, आणि मिस्त्री परत येईपर्यंत गॅरेजच्या पायरीवर बसून राहिले.

"पुढच्या रविवारी मी येतो," ते म्हणाले.

"या की. साडेसहाला."

"सोबत काय काय आणू?"

मिस्त्रीने विचार केला. "तुम्ही या."

सोमवार ते शुक्रवार सर वेगळेच होते. वर्गात त्यांनी डोंगर काढला आणि मध्येच थांबून मुलांना विचारलं, "याच्यावर कोण कोण गेलंय?" अर्धा वर्ग हात वर करून उभा राहिला. सरांनी त्यांना पुढचा धडा वाचायला सांगितला.

शनिवारी पालिकेचं पत्र आलं. रविवारी सकाळी आठ वाजता अंतिम पाहणी. मालकाने जागेवर जातीने हजर राहावं, न राहिल्यास प्रकरण बंद करून नव्याने अर्ज करावा लागेल.

सरांपुढे मोठा पेच उभा राहिला. एकीकडे पठार, अक्का आणि बायको. दुसरीकडे प्रकरण. शांतपणे विचार करावा म्हणून ते रविवारी पहाटेच जीपमध्ये जाऊन बसले, आणि तिथेच घात झाला. निर्णय घ्यायला जी किमान अस्वस्थता लागते, ती त्या सीटवर निर्माणच होत नसे. कमरेला आधार होता, मानेला होता, मांड्यांना तर होताच. बाहेर मिस्त्रीचा पिकअप साडेसहाला फाटकाशी थांबला, दोनदा हॉर्न वाजला. अस्तर उत्तम प्रतीचं असल्यामुळे आत तो अगदी लांबून कोणीतरी कोणालातरी बोलावतंय, इतकाच ऐकू आला.

आठ वाजता निरीक्षक आले. पार्किंगचा प्रश्न त्यांनी स्वतः अभ्यास करून सोडवला होता. माणूस खरंच सज्जन होता. प्रमाणपत्रात त्यांनी लिहिलं होतं: 'सदर बांधकाम पार्किंगच्या प्रयोजनापुरते वाहन समजण्यात यावे व अन्य सर्व प्रयोजनांसाठी निवासी खोली समजण्यात यावी. खोली जागेवरून हलवू नये. वाहन खोलीच्या बाहेर काढू नये.'

"अभिनंदन, सर," ते म्हणाले. "आता पाडायची असेल तर अर्ज करू शकता."

"पाडायची?" सर दचकले. इतक्या खटपटीने मंजूर झालेली, पालिकेच्या शिक्क्याची, शहरातली अशी एकमेव खोली पाडायची? त्यांनी प्रमाणपत्राला काच लावून घेतली आणि ते जीपमध्ये, आरशाच्या जागी टांगलं. मागे काही येत नसल्याने आरशाची तशीही गरज नव्हती.

दोन आठवड्यांची रजा संपवून सिस्टर परतली. उन्हाने चेहरा रापला होता, ढोपराला खरचटलं होतं आणि हातात मधाची बाटली होती. तिने प्रमाणपत्र वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"तुम्ही आला नाहीत," ती म्हणाली.

"पाहणी होती गं."

"अक्काने तुमच्यासाठी खुर्ची बाहेर काढून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत आत घेतली नाही तिने."

त्या दिवशी सर जीपमध्ये बसायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले. सिस्टर मात्र तेव्हापासून दर पंधरवड्याला पिकअपने वर जाऊ लागली. सर तिला सोबत न्यायच्या वस्तूंची तपशीलवार यादी देत. ती यादी घेई, घडी घाली, आणि पिकअपची काच पुसायला मिस्त्रीच्या बायकोकडे देई.

खोलीची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. लोक बघायला येऊ लागले. त्यांच्याही दारात जुन्या जीपा होत्या, कोणाची चादरीखाली, कोणाची ठोकळ्यांवर, आणि सगळ्यांना कुठे ना कुठे जायचं होतं. सरांचं हाडच शिक्षकाचं. त्यांनी रविवारी सकाळी पडवीत मार्गदर्शन वर्ग सुरू केला. मेव्हणा व्हिडिओ दाखवी. सेक्रेटरी हजेरी घेत आणि शेवटी उपकृत करत. चार खुर्च्यांच्या चाळीस झाल्या. पहिल्या सत्रात आराम, दुसऱ्या सत्रात तयारी. तिसरं सत्र प्रवासाचं होतं, पण पहिली दोन कोणाचीच पूर्ण न झाल्याने ते अद्याप घ्यावं लागलेलं नाही.

मागच्या वर्गात एका टपाल खात्यातल्या बाईंनी हात वर केला. नवीन होत्या.

"सर, राग मानू नका, पण तुम्ही स्वतः या जीपमधून कुठपर्यंत गेलात?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते काही म्हणणार, एवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अहो बाई, आधी तयारी तर होऊ दे!" सगळा वर्ग हसला, टाळ्या पडल्या, सरही हसले, आणि स्नॉर्कलवरचं व्याख्यान पुढे सुरू झालं.

बाई उठून गेल्या. फाटकाशी पिकअप उभा होता, त्यात जागा होती.

त्यामुळे चाळिसावी खुर्ची सध्या रिकामी आहे. प्रवेशासाठी रीतसर अर्ज आणि मुलाखत आहे, रांगही मोठी आहे. पण ज्यांच्या घरी कपाटावर किंवा पलंगाखाली, पुढे कधीतरी लागेल म्हणून आणलेली आणि अजून वेष्टनही न फाडलेली एखादी वस्तू असेल, त्यांना अर्जाची अट नाही. आता ज्या वस्तूची आठवण झाली, तिच्यासकट थेट येऊन बसावं.